यंदा कापूस घरात भरून ठेवण्यात अर्थ आहे का?

चोपडेकर:
मंडळी, २०२५ ची दिवाळी होऊन गेली, आमच्याकडे खान्देशात पूर्वहंगामी कपाशीच्या वेचण्या बऱ्याच आटोपल्या आणि गावात निम्म्या घरांत पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला आहे. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणारे व्यापारी, क्विंटलला सात हजाराच्या आतबाहेर मागतायत, लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, म्हणून जो तो म्हणतो थांबा, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, दहा हजार होईल. मला हे अजिबात पटत नाही. एक तर कापूस आपल्याकडून कोणी थेट कपड्यासाठी घेत नाही, कापसातून सरकी वेगळी काढणारा जिनवाला घेतो तो सूतगिरणीसाठी, गिरणी बघते सुताची ऑर्डर, आणि सुताची ऑर्डर येते कापडाला गिऱ्हाईक असेल तर. तिकडे दुकानात शर्ट खपला नाही की त्याचा मार उलटा चालत आपल्या ओसरीपर्यंत येतो. आणि कापूस महाग झाला की गिरणी पॉलिस्टर वाढवते. जगात आज तयार होणाऱ्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, कापूस एक चतुर्थांशाच्याही खाली आलाय. म्हणजे वर जायला छत आहे.

२०२२ आठवा. मे महिन्यात न्यूयॉर्कचा वायदा पाउंडाला दीड डॉलरच्या वर होता, आपल्याकडे रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, ३५६ किलोची खंडी लाखावर गेली होती. ऑक्टोबर संपेपर्यंत न्यूयॉर्क निम्म्याखाली. तरी त्या हंगामात लोकांनी बारा हजाराच्या आशेने कापूस ठेवला आणि २०२३ च्या मे-जूनमध्ये सात-साडेसातला दिला.

आता हिशोब करा. आज क्विंटलचे सात हजार येतायत. कापूस बारा टक्के ओलाव्याचा असेल आणि वाळून आठवर आला तर क्विंटलमागे चार किलोच्या वर घट. ज्याने बाहेरून दोन टक्के महिन्याने पैसा उचललाय त्याला सहा महिन्यांचं व्याज ८४०. म्हणजे आखाजीला नुसतं आजच्याइतकं पदरात पडायला ८,२०० च्या आसपास भाव हवा, हमीभावाच्याही वर! शिवाय खोली अडकते, पोरांना अंगभर खाज सुटते, आगीची धास्ती वेगळी. माझं मत स्पष्ट आहे, कोरडा माल हमीभावाने देता येत असेल तर आधी तो द्या, बाकीचा संक्रांतीच्या आत टप्प्याटप्प्याने काढा.

शिरपूरवाला:
भाऊ, मागणीचं तुमचं सगळं बरोबर धरलं तरी एक गोष्ट तुम्ही गाळली. दार कोणी उघडलं? कापसावर ११ टक्के आयात शुल्क २०२१ च्या बजेटात लावलं. एप्रिल २०२२ मध्ये भाव चढले तसं काढलं. नंतर परत लागू झालं आणि यंदा, २०२५ च्या १९ ऑगस्टला पुन्हा शून्य, आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबर. आपली वेचणी ऑक्टोबर ते डिसेंबर, नेमके तेच महिने! बाहेरच्या गाठी बिनशुल्क बंदरावर उतरत असतील तर गिरणीवाला आपल्या दारात कशाला येईल? याला तुम्ही मागणी-पुरवठा म्हणता, मी म्हणतो ठरवून पाडलेला भाव. भाव चढले की शहराची, गिरणीची काळजी, पडले की "बाजार आहे". कांद्याचं पण तेच केलं, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, ती मे २०२४ ला उठली तेव्हा परत ४० टक्के. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या कांदेवाल्याला विचारा त्या सहा महिन्यांत काय झालं. म्हणून मी सांगतो थांबा, शुल्क एक जानेवारीला परत लागलं की चित्र बदलेल.

जिनिंगवाला धरणगाव:
दोघांचं वाचलं. मी रोज कापूस घेतो म्हणून आतला हिशोब सांगतो, म्हणजे व्यापारी लुटतो याच्यापलीकडे बोलता येईल. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३३-३४ किलो, सरकी ६४ च्या आसपास, बाकी घट-कचरा. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. समजा खंडी ५४,००० आहे, तर रुई किलोला १५२ रुपये पडली, ३४ किलोचे झाले ५,१६० च्या जवळ. सरकी समजा ३,३०० क्विंटल, तिचे २,११०. बेरीज ७,२७०. यातून माझी मजुरी, वीज, गाठ बांधणी, वाहतूक, बँकेचं व्याज जायचंय. मी ८,००० कुठून देऊ? आणि बघा, सरकी क्विंटलला ५०० ने उतरली की कापूस ३२० ने उतरतो, न्यूयॉर्कमध्ये काहीही झालेलं नसताना. शेतकरी फक्त रुईचा भाव बघतो, सरकीकडे कोणाचं लक्षच नाही.

सरकीचं तेल आणि तेल काढल्यावर उरणारी ढेप, सरकी दोन्ही बाजूंनी दाबली गेलीय. कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क मे २०२५ च्या शेवटी कमी केलं, मूळ शुल्क २० वरून १० टक्के, म्हणजे बाहेरचं तेल स्वस्त. आणि मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून जो प्रथिनाचा चोथा निघतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो पशुखाद्यात स्वस्तात जातोय. सोयापेंडीला त्याने मार बसला, ढेपेलाही स्पर्धा तीच. शुल्क परत लागलं तर रुईला थोडा आधार मिळेल हे मान्य, पण गिरण्यांनी आधीच बाहेरचा माल बुक करून ठेवलाय तो संपायला वेळ लागतो, एक जानेवारीला सकाळी भाव उडी मारेल असं धरू नका.

रावेरकर केळीवाला:
तुम्हा कापूसवाल्यांना निदान थांबायचं की नाही हा प्रश्न तरी पडतो. आमचा घड तयार झाला की झाला. बऱ्हाणपूर, रावेरचा भाव बोर्डावर निघतो, मालाच्या प्रतीप्रमाणे वेगवेगळा, आणि प्रत्यक्ष कापणीला व्यापारी बोर्डापेक्षा कमी देतो कारण त्याला माहीत आहे माल झाडावर राहू शकत नाही. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, मोकळा बाजार झाला म्हणाले, पण ज्याचा माल चार दिवसांत पिकतो त्याला मोकळ्या बाजारात कसली ताकद? चोपडेकर दादा, वाट बघता येणं हीच शेतकऱ्याच्या हातातली एकमेव ताकद आहे आणि तुम्ही ती स्वतःहून सोडा म्हणताय. मला नाही पटलं.

चोपडेकर:
@रावेरकर ताकद कधी म्हणायची, आपण थांबल्याने समोरच्याचं अडत असेल तर. गिरणीला ब्राझीलचा कापूस आहे, अमेरिकेचा आहे, पॉलिस्टर आहे. ब्राझीलवाला हेक्टरी १,८०० किलोच्या वर रुई काढतो, आपण साडेचारशेच्या आसपास घुटमळतोय. सगळा खान्देश थांबला तरी त्यांचं चाक बंद पडत नाही.

एरंडोलची शेतकरीण:
तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात थांबायचं की विकायचं हे जणू शेतकरी ठरवतो असं चाललंय. आमच्या आळीत बघा, वेचणीवाल्या बायांचे पैसे आठवड्याला लागतात, किलोवर मजुरी आहे, ती उधार राहत नाही. कृषी केंद्राची बियाणं-खताची उधारी दिवाळीला द्यायचा शब्द असतो. सोसायटीचं पीककर्ज वेळेत, म्हणजे ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के, ती तारीख गेली की सवलत गेली. म्हणजे आखाजीपर्यंत थांबणारा कोण? ज्याच्या घरात नोकरीचा पगार आहे किंवा दुसरं काही उत्पन्न आहे तो. बाकीच्यांचा कापूस पहिल्या वेचणीला, सगळ्यात ओला, सगळ्यात स्वस्त जातो. भाव पुढे वाढला तरी तो वाढलेला भाव गरिबाच्या मालाला कधी मिळतच नाही, आधीच गेलेला असतो. थांबा म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं की तोवर घर कशावर चालवायचं.

आणि हमीभावाने द्या म्हणणं सोपं आहे. यंदा कपास किसान ॲपवर नोंदणी पाहिजे, सातबारा पाहिजे, पीक पाहणीत कपाशी लागलेली पाहिजे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, कसते मी, पैसा जाणार ज्याचं नाव त्याच्या खात्यावर. बटाईने करणाऱ्याचं तर नावच कुठे नाही. त्यात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्याच्या वर घेतच नाहीत. यंदा पावसाने सप्टेंबर-ऑक्टोबर धुऊन काढला, ८ टक्के कोणाचा आहे? मग गाडीभाडं भरून केंद्रावर नेलेला माल परत आणायचा नाहीतर बाहेर उभ्या असलेल्याला सहा-साडेसहाला द्यायचा.

नंदुरबारकर:
ताई एक नंबर बोलल्या 🙏

शिरपूरवाला:
ताईंचं बरोबर आहे आणि त्यामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. गरीब माणूस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकतो, आणि शुल्कमाफी त्याच महिन्यांत. मार ज्याला थांबता येत नाही त्यालाच.

जुना मास्तर, अमळनेर:
भाव दुसरीकडे ठरणं आपल्याकडे आजचं नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला, त्यात आपला खान्देशही आला, सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या. तेव्हा कोणाच्या शुल्काचा प्रश्न नव्हता, गिऱ्हाईक परत जुन्या दुकानात गेलं एवढंच.

पण म्हणून सरकारने हात काढून घ्यावा असंही मी म्हणणार नाही. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती, सगळा कापूस सरकारलाच द्यायचा. भाव ठरलेला, पण चुकारे रखडायचे, आणि बाहेर भाव चढला की आपल्या भागातला कापूस रात्रीतून मध्य प्रदेशात सेंधव्याला नाहीतर गुजरातेत जायचा. भाव उतरलेला असला की मात्र सगळा माल केंद्रावर. तोटा वाढत गेला आणि योजना संपली. शिरपूरकरांना मला विचारायचंय, शुल्क कायम ठेवलं आणि सूत महाग पडून आपल्या गिरण्याच बंद पडल्या तर आपला कापूस कोणाला विकायचा? अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तयार कपड्याच्या ऑर्डरी तिथेच अडकल्यात. गिरणी आपली वैरी नाही.

शिरपूरवाला:
मास्तर, मान राखून सांगतो, गिरणी वाचवायची तर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून वाचवावी. निर्यातदाराला व्याजात सवलत द्या, अनुदान द्या, कोण नको म्हणतंय. अमेरिकेने लावलेल्या शुल्काची भरपाई एरंडोलच्या ताईंच्या कापसातून का? आमच्या आजीचं बोलणं होतं, माल आमना, भाव लोकसना. किती वर्षं हेच ऐकायचं?

नंदुरबारकर:
मी तर कपाशीच कमी केली भाऊ, मका वाढवला. बोंडअळी नाही, वेचणीची कटकट नाही, इथेनॉलमुळे मागणी पक्की.

जिनिंगवाला धरणगाव:
पक्की मागणी कुठलीच नसते दादा. मक्याचा हमीभाव यंदा २,४००, तुमच्या मार्केटला काय भावाने जातोय ते तुम्हीच बघताय. गेली दोन वर्षं मक्याला भाव होता म्हणून सगळ्यांनी मका लावला, एकदम आवक आली. पेरताना आपण मागच्या वर्षीचा भाव बघतो, विकताना यंदाचा मिळतो. आणि इथेनॉल मक्याचं करायचं, उसाचं की तांदळाचं हे पण दिल्लीतच ठरतं.

चोपडेकर:
शिरपूरकर, धोरणावर माझा तुमच्याशी वाद नाहीच, हंगामात शुल्क शून्य करणं अन्यायच आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, निवेदन द्या मी सही करतो. वाद इतकाच की त्या आशेवर घरातला माल धरून बसायचं का. सीसीआयने, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाने, गेल्या हंगामात जवळपास एक कोटी गाठी घेतल्या, यंदाही घेणार. त्या गाठी ते पुढे बाजारातच विकणार ना. भाव जरा वर गेला की त्यांचा साठा बाहेर येतो, म्हणजे हमीभाव खाली धरतो तसा त्यांचाच साठा वरून दाबतो. दहा हजार कुठून येणार?

ताईंच्या मुद्द्यावर, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्यासाठी काय करता येईल? आमच्याकडे शेतकरी कंपनीमार्फत कापूस वाळवून, प्रतवारी करून एकत्र जिनवर न्यायचा विचार चाललाय, कवडी म्हणजे खराब कापूस वेगळा, चांगला वेगळा.

एरंडोलची शेतकरीण:
एकत्र न्यायला हरकत नाही पण आगाऊ पैसे कोण देणार ते आधी ठरवा. माल दिल्यावर महिन्याने पैसे हे आमच्यातल्या कोणाला परवडणार नाही, त्यापेक्षा खेडा खरेदीवाला बरा, तो काट्यावर घोळ घालत असेल पण नोटा हातात देतो. मजुरीपुरते, म्हणजे क्विंटलमागे निदान दोन हजार रोख पहिल्या दिवशी मिळत असतील तर आमच्या गटातल्या बाया तयार होतील.

जिनिंगवाला धरणगाव:
ओलावा १० च्या आत आणि कवडी वेगळी काढलेली असेल तर दोन हजार उचल द्यायला मी तयार आहे, बाकीचे आठ दिवसांत. वजन माझ्या काट्यावर नको वाटलं तर बाहेरच्या काट्यावर करा. रुईचा उतारा तुमच्यासमोर काढू, ३५ निघाला तर ३५ चा भाव. पण निदान एक ट्रक माल एकदम पाहिजे, दोन-दोन क्विंटलने मला जमत नाही.

शिरपूरवाला:
द्या तुम्ही. माझा कोरडाय, कर्ज नाही, मी जानेवारी बघणार. शुल्क परत लागतंय की मुदत अजून वाढवतात ते ३१ डिसेंबरला कळेलच.