शब्दचर्चा: ‘शिष्यत्व’ला रोजच्या मराठीत काय म्हणाल?

खाडीपलीकडची
नमस्कार. एक अडचण आहे. मी ऐरोलीला राहते, आमच्या मंडळीची (म्हणजे चर्चची, हे सांगावं लागतं, नाहीतर लोक भिशी मंडळ समजतात) दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. लेंटसाठी (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) चाळीस दिवसांची एक छोटी पुस्तिका काढायचीय, मूळ इंग्रजीत, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. शीर्षकात डिसायपलशिप आहे आणि विषय असा की रविवार ठीक आहे, बाकीच्या सहा दिवसांचं काय. ऑफिसात, बाजारात, सासूशी, रिक्षावाल्याशी बोलताना तुम्ही ख्रिस्ताचे आहात हे कुठे दिसतं का. मी ‘दैनंदिन शिष्यत्व’ लिहिलं, पाळकांना आवडलं. नमुन्याचं पान बुधवारी वाटलं तर एक काकू, तुर्भ्याच्या मार्केटात कांदे-बटाटे निवडायचं काम करतात, पान डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “ताई, ही शिष्यवृत्ती कितवीपर्यंत मिळते? माझी पोरगी आठवीत आहे.” सगळे हसले, मीपण हसले. घरी येताना मात्र वाटलं की चूक काकूंची नव्हतीच. तर असा शब्द सांगा जो त्यांना न अडखळता वाचता येईल. शनिवारी डीटीपीवाल्याला मजकूर द्यायचाय.

मोल्सवर्थप्रेमी
शिष्यत्वात वाईट काय आहे? शास् धातूवरून शिष्य, म्हणजे ज्याला शिकवायचं, वळण लावायचं तो. शास्त्र, शासन, अनुशासन सगळी एकाच घरातली भावंडं. तिकडे लॅटिनमध्ये डिस्किपुलस हा शिकणे या क्रियापदावरून आणि डिसिप्लिनही तिथलंच. इतकी चपखल जोडी भाषांतरात नशिबानेच मिळते. आपली शिस्तसुद्धा त्याच शास् मधली. काकूंना शब्द शिकवा, शब्दाला काकूंसाठी खाली उतरवू नका.

कोपरीचा पिंपळ
शिस्त फारसी आहे हो! शिस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीत ‘शिस्त धरून गोळी मारली’ असं येतं ते काय शिष्य धरून मारली असं आहे का?

मोल्सवर्थप्रेमी
ध्वनी बघा, अर्थ बघा. योगायोग इतका मोठा नसतो.

कोपरीचा पिंपळ
योगायोग याहून मोठेसुद्धा असतात, आमच्या सोसायटीची निवडणूक बघायला या.

नेरूळ स्लो
आमच्या युथ ग्रुपमध्ये सरळ डिसायपलशिप म्हणतात, देवनागरीत तसंच छापा ना. सगळ्यांना कळतं.

मोल्सवर्थप्रेमी
सगळ्यांना म्हणजे तुमच्या ग्रुपातल्या बाराजणांना.

नेरूळ स्लो
सुरुवात बाराजणांपासूनच झाली होती काका 😄

अर्धा पाद्री
(सेमिनरीत दोन वर्षं काढली, मग बँकेत लागलो, म्हणून हे नाव.) दोन-तीन गोष्टी. बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमध्ये, त्यात शब्द आहे मॅथेटेस, शिकणारा. हा शब्द चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत सारखा येतो आणि पुढे पौलाच्या पत्रांत एकदाही नाही, तिथे ‘पवित्र जन’, ‘बंधू’ असं येतं. डिसायपलशिप हे भाववाचक नाम तर अख्ख्या नव्या करारात नाही. त्याऐवजी क्रियापद आहे. मत्तय २८:१९ ला आपण ‘शिष्य करा’ असं दोन शब्दांत भाषांतर करतो, ग्रीकमध्ये ते एकच क्रियापद. म्हणजे ताई, तुमची अडचण मुळात इंग्रजीची आहे, त्यांना ‘शिप’ लावायची सवय आणि आपल्याला मग ‘त्व’ लावावं लागतं. आणि ‘दैनंदिन’ म्हणालात म्हणून, स्वतःचा वधस्तंभ उचलायचं वचन मत्तय, मार्क, लूक तिघांत आहे पण ‘दररोज’ फक्त लूकने घातलंय, ९:२३. तो एक शब्द नसता तर तुमची पुस्तिका निघालीच नसती.

तलावपाळी
वधस्तंभ म्हटलं की मला फाशीगेट आठवतं. आम्ही क्रूस म्हणतो. आम्ही म्हणजे ठाण्याचे कॅथलिक, तळ्याजवळच्या सेंट जॉन बॅप्टिस्टवाले. क्रूस, नाताळ, पाद्री, इगर्जी (म्हणजे चर्च) हे पोर्तुगीजांनी दिलेले शब्द आणि मिस्साही (चर्चमधली मुख्य उपासना) त्याच वाटेने आला. वधस्तंभ, पाळक, प्रभुभोजन ही तुमची प्रॉटेस्टंट संस्कृत पंगत.

अर्धा पाद्री
वधस्तंभात वध आहे, तो आठवायलाच हवा. क्रूस आता सोन्याच्या चेनमध्ये लटकतो.

तलावपाळी
स्तंभ तरी कुठाय त्यात? आडवं लाकूड कुठे गेलं? असो, भांडायला नाही आलो. मला वेगळंच सांगायचंय. माझे वडील वागळे इस्टेटीत टर्नर होते. त्यांना कुणी विचारलं की काम कुठे शिकलात तर ते कधी शाळेचं नाव घ्यायचे नाहीत, म्हणायचे ‘अमक्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो’. हा मेस्त्रीपण पोर्तुगीज बरं का, आणि तो ज्याची वाट बघायचा तो पगारपण. तर हाताखाली असणं म्हणजे काय, सकाळी मेस्त्रीच्या आधी पोचायचं, मशीन पुसायचं, तो जॉब कसा धरतो ते बघायचं, चहा आणायचा, शिव्या खायच्या, आणि तीनचार वर्षांनी एक दिवस तो काही न बोलता आपलं काम आपल्या हातात देतो. वही नाही, फळा नाही. येशूबरोबरची माणसं तीन वर्षं हेच तर करत होती ना? आणि तो स्वतः सुतार, गावचे लोक नाक मुरडत विचारतात, हा सुतारच ना. म्हणून माझी सूचना: येशूच्या हाताखाली. काकूंना लगेच कळेल, त्या स्वतः कुणाच्या तरी हाताखाली काम करतात.

खाडीपलीकडची
अय्या, हे आवडलं.

मोल्सवर्थप्रेमी
हाताखालचा म्हणजे कनिष्ठ कर्मचारी. साहेब आणि त्यांच्या हाताखालचे लोक. धर्मपुस्तकाला ऑफिस ऑर्डरची कळा येईल.

तलावपाळी
‘हाताखालचा’ वेगळं, ‘हाताखाली शिकला’ वेगळं. कुणा बुवांच्या हाताखाली गाणं शिकलो म्हणणारा काय शिपाई असतो का?

कळव्याचा माळकरी
मी ख्रिस्ती नाही, पण विषय आमच्याही घरचा वाटला म्हणून लिहितो. माझे आजोबा माळकरी, जांभळी नाक्यावर धान्याचं दुकान. माळ घातली म्हणजे मांस-मच्छी सुटली, एकादशी आली, वारी आली हे सगळे जाणतात. पण आजोबा म्हणायचे, खरी अडचण तराजूपाशी होते. माप मारायला हात गेला की गळ्यात काहीतरी टोचतं. आम्ही ‘त्व’ लावून शब्द केला नाही, माळकरी म्हटलं की माणूस कसा वागणार ते आलं. तुमच्याकडे असं काही अंगावर घालायचं असतं का, त्यावरून शब्द करता येईल. दुसरं, तुकोबांचे पाईकाचे अभंग आहेत, धन्यासाठी जीव हातावर घेऊन असणारा शिपाई. ‘ख्रिस्ताचे पाईक’ कसं वाटतं? ना. वा. टिळक तर म्हणायचेच की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो.

अर्धा पाद्री
टिळकांचं नाव काढलंत ते बरं केलंत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य चालतील असं ठेवलं. म्हणजे शिष्य कोण हा वाद शब्दाच्याही आधीचा आहे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा, नवऱ्याच्या या सगळ्या शिष्यपणाचा घरखर्चावर काय परिणाम होतो ते तिथे कळतं.

निवृत्त बाई
पाईक नको. त्याचं स्त्रीलिंग काय करणार, पाईकीण? प्रेषितांची कृत्ये ९:३६ मध्ये यापोच्या टबीथाला, म्हणजे दुर्कसला, शिष्या म्हटलंय. अर्धे पाद्री सांगतील, माझ्या माहितीप्रमाणे ग्रीकमध्ये या शब्दाचं बायकी रूप अख्ख्या नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. आणि तिने केलं काय? प्रवचन नाही, विधवांना कपडे शिवून दिले. ती गेली तेव्हा त्या बायका रडत रडत अंगरखे दाखवत होत्या. चाळीस दिवसांतला एक दिवस तिला द्या ताई.

अर्धा पाद्री
बरोबर आहे बाई, एकदाच.

कळव्याचा माळकरी
आणखी एक गंमत. मराठीत आपण ‘गुरू करतो’. शिष्य कर्ता, गुरू कर्म. अमक्याने गुरू केला, तमकीने अजून गुरू केला नाही. तुमच्यातही तसंच का?

अर्धा पाद्री
उलटं आहे. योहान १५ मध्ये येशू म्हणतो की तुम्ही मला नाही निवडलं, मी तुम्हाला निवडलं. म्हणूनच शिष्य हा शब्द मराठी कानाला फसवतो असं माझं मत. आपल्याला वाटतं आपणच चौकशी करून, दोनचार ठिकाणी बसून बघून गुरू ठरवला. तिथे जाळं धुत बसलेल्या माणसाला कुणीतरी येऊन उठवलंय.

कोपरीचा पिंपळ
मग ‘अनुयायी’ घ्या. अनु अधिक या, मागून जाणारा. वचनातही ‘मला अनुसरावे’ असंच आहे.

नेरूळ स्लो
अनुयायी म्हणजे इन्स्टाचे फॉलोअर वाटतात.

निवृत्त बाई
तुम्हाला वाटतात. ६ डिसेंबरला ठाण्याहून दादरला जाणारी गाडी बघा, वर्षानुवर्षं रात्रभर रांगेत उभी राहणारी माणसं स्वतःला अनुयायी म्हणवतात, त्या शब्दाला त्यांनी वजन दिलंय. पण ‘त्व’ लावलं की अनुयायित्व, आणि काकू परत अडखळल्या.

तलावपाळी
‘साक्ष’ कसं? इथे ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मबंधू मारले गेले, त्यांना आम्ही रक्तसाक्षी म्हणतो. मार्टिर या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदारच. ‘रोजची साक्ष’.

खाडीपलीकडची
नको हो, आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे माईक हातात घेऊन पंचवीस मिनिटं. रोजची म्हटलं तर लोक यायचे बंद होतील.

अर्धा पाद्री
कृत्ये ११:२६, अंत्युखियात शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ हे नाव पडलं. म्हणजे शिष्य बरोबर ख्रिस्ती, हिशेब मिटला. ‘रोजचं ख्रिस्तीपण’ ठेवा.

तलावपाळी
ख्रिस्ती तर मी शाळेच्या दाखल्यावरही आहे. त्यासाठी मी काही केलं नाही, आईबापांनी केलं.

मोल्सवर्थप्रेमी
निदान ‘ख्रिश्चन’ तरी लिहू नका. मराठीत ख्रिस्ती हा घडीव शब्द असताना वर्तमानपत्रंसुद्धा ख्रिश्चन छापतात.

नेरूळ स्लो
आमच्या घरी चार पिढ्या ख्रिश्चनच म्हणतात काका, पणजी अहमदनगरची होती, तिला जाऊन सांगणार का घडीव शब्द?

(पुढच्या अकरा प्रतिक्रिया ख्रिस्ती/ख्रिश्चन/किरिस्ताव यावर. संपादकांनी वेगळ्या केल्या.)

खाडीपलीकडची
शुक्रवार आला. सध्या मी ‘येशूच्या मागे, रोजच्या रोज’ असं लिहिलंय. माझ्यामागे ये हे त्याचेच शब्द, नाम नाही, त्व नाही.

कोपरीचा पिंपळ
रागावू नका पण ‘येशूच्या मागे’ वाचून मला पेपरातलं निधन वृत्त आठवलं. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

निवृत्त बाई
अरे देवा, आता मलाही तसंच ऐकू यायला लागलं. त्यांच्या मागे बारा शिष्य असा परिवार आहे.

अर्धा पाद्री
तीन दिवसांनी वृत्त मागे घ्यावं लागलं असतं.

कळव्याचा माळकरी
बाई, काकूंच्या ‘शिष्यवृत्ती’कडे कुणी नीट बघितलंच नाही. वृत्ती म्हणजे उपजीविका, त्यावरून स्कॉलरशिप. पण वृत् धातू म्हणजे वर्तणे, वागणे. वृत्ती म्हणजे वागण्याची धाटणी, मनाची ठेवणसुद्धा. शिष्यवृत्ती म्हणजे शिष्याचं वागणं! तुमच्या चाळीस पानांत तेच आहे ना? काकूंनी शब्द चुकून बरोबर वाचला.

मोल्सवर्थप्रेमी
हे मान्य. व्युत्पत्तीने निर्दोष आहे.

निवृत्त बाई
व्युत्पत्तीने निर्दोष आणि मंडळीच्या दारात गुणपत्रिका घेऊन रांग. त्यांनी विचारलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या वेळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथी-सातवीला असायची, मग पाचवी-आठवीला केली. आठवीतल्या मुलीची आई शिष्यवृत्ती हा शब्द कागदावर शोधणारच. कुणी त्यांना पुढे काही सांगितलं की नुसतेच हसलात?

खाडीपलीकडची
नाही बाई, त्या दिवशी हसलोच. काल हाफ डे घेऊन त्यांच्याबरोबर मुलीच्या शाळेत गेले होते. एक दाखला कमी आहे, सोमवारी परत जायचंय. म्हणून पुस्तिका राहिली, डीटीपीवाल्याला सांगितलंय की शीर्षकाची जागा मोकळी ठेव. ‘येशूच्या हाताखाली’ की ‘मागे’, कौल द्या ना कुणीतरी.

कोपरीचा पिंपळ
ते बघू. पण शिस्तीचं राहिलंच. फारसीत मूळ शब्द तिरंदाजीतला आहे, बंदुकीला नंतर लागला, आणि कवायतीतून आपल्या शाळेत आला असं माझं मत. शास् धातूशी काही संबंध नाही, हे मोल्सवर्थप्रेमींनी एकदा लिहून द्यावं.

मोल्सवर्थप्रेमी
शिस्तीसाठी वेगळा धागा काढलाय. तिकडे या.