ध्रुवीय प्रकाशाचा आवाज: सगळंच थोतांड नाही

ध्रुवीय प्रकाश म्हणजे ध्रुवांजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड. कोल्ह्याच्या शेपटीने बर्फ उडतो आणि आकाश पेटतं, ही त्याबद्दलची फिनलंडची कथा एका प्रतिसादात वाचली. पण त्याच प्रतिसादात, या प्रकाशाचा 'आवाज येतो म्हणणं हा भाबडेपणा' असंही होतं, ते काही पटलं नाही. लॅपलंडमधल्या (युरोपचं उत्तर टोक) सामी या मूळनिवासी लोकांत या प्रकाशाखाली शीळ घालत नाहीत. प्रकाश चिडला तर खाली येऊन उचलून नेईल, ही भीती. त्याची चटचट ऐकू येते, असंही जुनी माणसं सांगत आली आहेत.

आवाजाबद्दलची शंका रास्तच होती. प्रकाश 100 किलोमीटर वर, म्हणजे आवाज पोचायलाच पाच मिनिटं, आणि तिथली हवाही अतिविरळ. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले संशोधक उंटो लाइने यांनी तीन मायक्रोफोन लावून आवाजाचा उगम शोधला, तो निघाला जमिनीपासून जेमतेम 70 मीटरवर (2012). निवांत, कडाक्याच्या थंडीत वर उबदार हवेचा थर बसतो. त्यात साठलेला विद्युतभार चुंबकीय वादळात (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातल्या खळबळीत) मोकळा होतो आणि त्याचाच आवाज येतो, असं त्यांचं 2016 चं गृहीतक. सर्वमान्य अजून नाही.

रेकॉर्डिंग करणार असाल तर झाडांपासून लांब बसा, गारठ्याने खोडंही अशीच तडकतात. फोन नको, त्यातलं नॉइज रिडक्शन (आजूबाजूचा गोंगाट गाळणारी सोय) नेमकी हीच टिकटिक गिळून टाकू शकतं.