आयपी ‘संघर्ष’ की दुबार पत्ता?

प्रश्न

घरच्या वायफायसाठी मराठीत सूचनापत्रक लिहायचं तर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ला (आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवर उपकरणाला ओळखण्याचा आकडी पत्ता) काय म्हणावं? भाषांतरांत ‘आयपी पत्ता संघर्ष’ दिसतं. बोलताना लोक ‘आयपी क्लॅश झाला’, ‘दोन आयपी भिडले’ म्हणतात. शब्दावरूनच कळलं पाहिजे की झालंय काय आणि आता करायचं काय. लीज, रिन्यू, पूल, स्टॅटिक, रिझर्व्ह यांनाही शब्द सुचवा.

उत्तर

‘संघर्ष’ नको. तो वाचून माणूस सिग्नल, चॅनल, शेजारचं वायफाय असल्या गोष्टी तपासत बसतो. प्रत्यक्षात घडलेलं असतं एवढंच, की १९२.१६८.१.१०५ हा एकच आकडा दोन उपकरणांनी धरलाय. याला मराठीत तयार शब्द आहे: दुबार. ‘दुबार पत्ता’ म्हटलं की तोच पत्ता आणखी कुणाकडे तरी आहे हे कळतं, आणि पुढचं काम म्हणजे तो दुसरा शोधणं, हेही. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही आज्ञा चालवली तर एरवी पत्त्यापुढे ‘प्रिफर्ड’ असतं, अशा वेळी ‘डुप्लिकेट’ दिसतं. म्हणजे मूळ खूणही दुबारचीच आहे, भांडणाची नाही.

लक्षणही त्याच शब्दाने समजावता येतं. राउटरच्या एआरपी तक्त्यात (कोणता पत्ता कोणत्या उपकरणाचा, याच्या यादीत) एका पत्त्यापुढे एकच मॅक, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक, मावतो. दोघांनी उत्तर दिलं की आधीची नोंद पुसली जाते आणि नंतरची बसते. म्हणून वायफायची खूण भरलेली, पण लॅपटॉपवर पान अर्धं उघडून अडकतं. तेवढ्यात तोच पत्ता धरलेला प्रिंटर जागा होतो, आणि मिनिटाभराने उलट. नेट आळीपाळीने चालत असेल तर दुबार पत्त्याचा संशय आधी घ्यावा.

त्यावर हरकत

यादीतली दुबार नोंद म्हणजे माणूस एक, नाव दोनदा. इथे उलट आहे: उपकरणं दोन, पत्ता एक. शिवाय ‘संघर्ष’ अगदीच निराधार नाही. २००८ च्या आरएफसी ५२२७ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) नुसार उपकरण नवा पत्ता वापरण्याआधी तीन चौकश्या पाठवतं, त्यात स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा लिहितं, आणि कुणीच ‘हा माझा’ म्हटलं नाही तर तो पत्ता जाहीर करतं. नंतर दुसरं कुणी त्याच पत्त्याने बोलू लागलं तर त्याला एकदा आपला हक्क सांगता येतो. पण १० सेकंदांच्या आत पुन्हा तेच घडलं, तर साधारण उपकरणाने तो पत्ता सोडायचा. हा हक्काचा वादच झाला की.

त्याला उत्तर

वाद आहे, पण तो उपकरणांच्या आतला. पत्रक वाचणाऱ्याला त्याचा परिणाम दिसतो. दुबारबद्दलच्या हरकतीला ‘दुबार पेरणी’ हे उत्तर आहे. तिथे शेत एक आणि पेरणी दोनदा. इथे आकडा एक आणि वाटप दोनदा. घटनेबद्दल लिहायचं तिथे ‘पत्ते भिडले’ खुशाल लिहा, स्थितीला ‘दुबार पत्ता’ म्हणा.

लीज आणि रिन्यू

सर्वांत जास्त घोटाळा या जोडीत आहे. ‘भाडेपट्टा’ म्हटलं की पैसे आठवतात, म्हणून लीजला नुसतं ‘मुदत’ म्हणावं. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. अर्धी मुदत सरली की उपकरण आपणहून मुदतवाढ मागतं, मिळाली नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांना पुन्हा, तेव्हा नेटवर्कवरच्या कोणत्याही वाटपकर्त्याकडे (पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे; घरी तो सहसा राउटरच).

‘रिन्यू’ला ‘नूतनीकरण’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं नवा पत्ता मिळणार. मिळत नाही. ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू’ म्हणजे मुदतवाढ, आहे त्याच पत्त्याची. आधी ‘स्लॅश रिलीज’ करून पत्ता सोडला तरी राउटर सहसा त्याच मॅकला तोच आकडा परत देतो. प्रिंटरवर १९२.१६८.१.१०५ (पुढे नुसता शेवटचा भाग, १०५) हाताने लिहून ठेवला असेल, तर लॅपटॉपवर दहा वेळा रिन्यू केलं तरी गाठ त्याच १०५ शी पडू शकते. म्हणून ‘मुदतवाढ’ हाच शब्द खरा. त्याने खोटी आशा लागत नाही.

पूल

राउटर ज्यातून पत्ते वाटतो तो आकड्यांचा साठा म्हणजे पूल. हा शब्द देवनागरीत लिहूच नये. मराठी वाचणाऱ्याला पूल म्हणजे नदीवरचा, आणि राउटरमध्ये ‘ब्रिज मोड’ नावाची वेगळी सोय असते. ‘पुलाची सुरुवात’ वाचून कुणी ब्रिज मोड लावला, तर बहुतेक राउटर पत्ते वाटणंच थांबवतो. ‘वाटपाचा पल्ला’ म्हणा: ‘१०० पासून १९९ पर्यंत’. पल्ल्याला टोकं असतात, आणि सेटिंगमध्ये तीच दोन टोकं भरायची असतात.

स्टॅटिक आणि रिझर्व्ह

बोलण्यात दोन्हीला ‘फिक्स आयपी’ म्हणतात, आणि निम्मे दुबार पत्ते या एका शब्दापायी होतात असं माझं ठाम मत आहे. फरक जागेचा आहे. स्टॅटिक उपकरणावर लिहिला जातो, राउटरला त्याची खबर नसते. रिझर्व्ह राउटरवर लिहिला जातो, मॅकच्या नावाने. पहिल्याला ‘हाती लिहिलेला पत्ता’, दुसऱ्याला ‘राखीव पत्ता’ म्हणावं. ‘स्थिर’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो, म्हणून इथे तो कामाचा नाही.

यावरून नियम साधा होतो. हाती लिहिलेला पत्ता पल्ल्याच्या बाहेर असावा: पल्ला १०० ते १९९, तर प्रिंटर, कॅमेरा यांना २० ते ५० मधले, आणि १९२.१६८.१.१ राउटरचाच. राखीव पत्ता पल्ल्याच्या आत चालतो की बाहेर लागतो, हे राउटरगणिक बदलतं. मॅक मात्र नीट उतरवावा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन वायफायवर बनावट मॅक दाखवू शकतात. त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. म्हणून फोनच्या माहितीपानावरचा नको, त्याच वायफायच्या तपशिलात दिसणारा मॅक घ्या, नाहीतर राखीव पत्ता दुसऱ्याच मॅकच्या नावावर पडून राहतो.

पुरवणी: दुसरा कसा शोधायचा

पत्रकात शब्दांइतकीच ही कृती नेमकी हवी. अडलेल्या उपकरणाचं वायफाय बंद करा. दुसऱ्या संगणकावर ‘एआरपी उणे डी’ने (विंडोजमध्ये प्रशासक म्हणून) जुनी नोंद पुसा, मग त्या पत्त्याला पिंग करा (‘आहेस का?’ अशी हाक द्या) आणि ‘एआरपी उणे ए’ने तक्ता पाहा. पिंगला उत्तर आलं नाही तरी तक्ता पाहाच, कारण फायरवॉल पिंग अडवते, एआरपी सहसा अडवत नाही. तिथे मॅक दिसला तर तोच दुसरा. नोंद आधी पुसली नाही, तर पहिल्याचाच मॅक दिसून फसगत होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ४१९९ क्रमांकाची नोंद सापडली तर तिच्यात समोरच्याचा मॅक आयताच मिळतो.

घरात दुसरा राउटर जोडलेला असेल तर दोन उपकरणांवर ‘स्लॅश ऑल’मधली ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ ताडून पाहा. दोन वेगळे आकडे आले तर पत्ते वाटणारे दोन आहेत. दुसऱ्याचा पत्ता आधी १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं वाटप बंद करा आणि केबल त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) भोकात लावा, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या भोकात) नको.

आणखी एक

‘तोतया’ हा शब्द वेगळा राखून ठेवावा. मुद्दाम दुसऱ्याचा पत्ता घेऊन बोलणारं उपकरण म्हणजे तोतया, चुकून झालेलं ते दुबार. १९२.१६८.१.१ पुढे कधी एक, कधी दुसरा मॅक दिसत असेल तर घरी बहुधा त्याच आकड्यावर आलेला दुसरा राउटर असतो. तो काढूनही मॅक बदलत राहिला तरच तोतयाचा संशय घ्यावा.

विचारणाऱ्याकडून

‘दुबार पत्ता’, ‘मुदतवाढ’, ‘पल्ला’, ‘राखीव’ घेतले. पत्रकातली पहिली ओळ ‘राउटर रीस्टार्ट करा’ अशी आहे, ती तशीच ठेवू?

उत्तर

तशी नको. बरेच घरगुती राउटर वाटपाची यादी स्मृतीतच ठेवतात. बंद केला की यादी गेली. चालू होताच तो कोरी पाटी घेऊन वाटायला बसतो, आणि जी उपकरणं वायफाय न तुटता जुना पत्ता धरून आहेत त्यांचेच आकडे दुसऱ्यांना देऊ शकतो. देण्याआधी पिंग करून बघणारे राउटर असतात, पण झोपलेला लॅपटॉप पिंगला उत्तर देत नाही. ओळ अशी लिहा: ‘राउटर बंद करा. सगळ्या उपकरणांचं वायफाय बंद करा. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर एकेक उपकरण जोडा. हाती लिहिलेला पत्ता असलेली आधी.’