मदत हवी आहे: एकाच कराराच्या कागदावर कुठे कॉन्सुलचा, कुठे कस्टमचा शिक्का. हे कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीकडच्या जुन्या खलाशांच्या कागदपत्रांची सूची करतोय. त्यात एका ब्रिटिश आगबोटीच्या १९१२ सालच्या क्रू ॲग्रीमेंटची (कप्तान आणि खलाशी यांच्यातल्या नोकरीच्या कराराची) प्रत आहे, मुंबई ते पूर्व आफ्रिका फेरीची. मागच्या पानांवर मुरगाव, बैरा आणि झांझिबार इथे ब्रिटिश कॉन्सुलच्या (परदेशी बंदरातल्या ब्रिटिश सरकारी प्रतिनिधीच्या) नोंदी आहेत, पण मोंबासाला कस्टमच्या अधिकाऱ्याची सही आहे. मजकूर सगळीकडे जवळपास तोच: अमुक खलाशी आजारी म्हणून उतरवला, पगाराचा हिशेब दिला. मोंबासाची नोंद नंतर कुणी घुसडली असेल का? आणि तिथे उतरवलेल्या माणसाच्या पगाराचा माग कुठे काढायचा?

दर्यावर्दी:
घुसडलेली नाही. १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्ये कामं तीच ठेवून ठिकाणानुसार अधिकारी वेगळे नेमलेत. परदेशी बंदरात खलाशी भरती करायचा, काढायचा किंवा मागे ठेवायचा तर मंजुरी कॉन्सुलची. ब्रिटिश वसाहतीत तेच काम शिपिंग मास्तरचं (खलाशांची भरती-सुटी नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं), तो नसेल तर कस्टमच्या मुख्य अधिकाऱ्याचं. १९०६ च्या दुरुस्तीत तर परदेशी बंदरात कॉन्सुल नसल्यास तिथल्या दोन ब्रिटिश व्यापाऱ्यांना हा अधिकार दिलाय, आणि एकच व्यापारी असेल तर त्या एकट्याला! त्यामुळे एखाद्या पेढीवाल्याची सही दिसली तरी दचकू नका.

मुरगाव आणि बैरा पोर्तुगीजांचे, म्हणून तिथे कॉन्सुल. एडन तेव्हा मुंबई इलाख्याखाली होतं, तिथे कॉन्सुल शोधू नका.

खाडीकाठ:
वरचं बरोबर, पण मोंबासा इतकं सरळ नाही. १९१२ मध्ये ते ‘ब्रिटिश पझेशन’ (ब्रिटिश मालकीचा मुलूख) नव्हतंच. किनारपट्टी झांझिबारच्या सुलतानाची, ब्रिटिशांकडे संरक्षित प्रदेश म्हणून. १९२० मध्ये आतला मुलूख केनिया कॉलनी झाला तरी हा किनारा प्रोटेक्टोरेटच (संरक्षित प्रदेशच) राहिला. म्हणजे कायद्याच्या भाषेत वसाहत नाही, आणि प्रत्यक्ष कारभार ब्रिटिशांचाच असल्यामुळे परदेशासारखा कॉन्सुलही बसत नाही. अशा बंदरात जहाजाची कामं अडू नयेत म्हणून १८९० च्या फॉरिन ज्युरिस्डिक्शन ॲक्टचा (ब्रिटिश राजसत्तेच्या परमुलखातल्या अधिकारांच्या कायद्याचा) आधार घेत. त्याखाली ऑर्डर इन कौन्सिल (राजाच्या नावाने निघणारा हुकूम) काढून कॉन्सुलची कामं स्थानिक अधिकाऱ्यांकडे सोपवता येत. १ एप्रिल १९०५ ला हा प्रदेश फॉरिन ऑफिसकडून (परराष्ट्र खातं) कलोनियल ऑफिसकडे (वसाहत खातं) गेला, तेव्हा १९१२ ला कस्टमची सही अगदी जागच्या जागी आहे.

झांझिबार मात्र १९१३ पर्यंत फॉरिन ऑफिसकडे होतं, म्हणून तिथे कॉन्सुल. त्यानंतर त्या पदाच्या जागी रेसिडेंट (तिथला ब्रिटिश कारभारी अधिकारी) आला. शिक्का तपासताना नकाशा बघू नका, त्या तारखेला बंदराचा दर्जा काय होता ते बघा. सूची करणारे इथेच चुकतात: आजचा देश लिहितात आणि सगळे अधिकारी ‘कॉन्सुल’ या एकाच रकान्यात कोंबतात.

धागाकर्ता:
आभार. मग मोंबासाच्या कस्टम कार्यालयात कराराची दुसरी प्रत राहिली असेल का?

दर्यावर्दी:
बहुधा नाही. बोट ४८ तासांहून जास्त थांबणार असेल तर कप्तानाने करार कॉन्सुल किंवा कस्टमकडे जमा करायचा. तिथे त्यावर शेरा मारत आणि निघताना परत देत. कागद बोटीबरोबरच फिरे. उतरवलेल्या माणसाचा पगाराचा हिशेब आणि रक्कम मात्र त्या अधिकाऱ्याच्या हाती जाई. तेव्हा शेऱ्यात तीन गोष्टी नीट वाचा: उतरवण्याचं कारण, हिशेब मान्य केला की नाही, आणि शिल्लक खलाशाला दिली की अधिकाऱ्याकडे ठेवली. शेवटची ओळ फिकट असेल तर तिरका उजेड टाकून फोटो घ्या. कॉन्सुलच्या शेऱ्याजवळ कधीकधी ‘कॉन्सुलर सर्व्हिस’ छापलेलं फीचं तिकीट चिकटवलेलं असतं, तीही एक खूण.

खाडीकाठ:
पहिल्या पानावर बोटीचा ऑफिशियल नंबर असेल, तो आधी टिपा. नावं पुन्हा पुन्हा वापरली जात, नंबर बदलत नाही. नंबर वाचता येत नसेल तर क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर बोटीच्या नावावरून मिळतो, पण नोंदणीचं बंदर जुळवून घ्या.

अशा करारांच्या मूळ प्रती, म्हणजे क्रू याद्या, तीन ठिकाणी विखुरल्यात. साधारण दहा टक्के नमुना लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, बीटी ९९ मालिकेत. ५ ने संपणाऱ्या सालांच्या उरलेल्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये. बाकीच्या बहुतेक न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत. १९१२ ची यादी म्हणजे आधी न्यूफाउंडलंडला विचारा. साल लिहिताना फेरी संपली ते लिहा, सुरू झाली ते नाही.

आणखी एक, लास्करांचा (हिंदी खलाशांचा) करार बऱ्याचदा वेगळा असे. गोऱ्या अधिकाऱ्यांची यादी हाती आली आणि सारंग, तांडेल, खलाशी त्यात दिसले नाहीत, तर माणूस बोटीवर नव्हता असं धरू नका. दुसरा करार मागा. घरी नळी (खलाशाचं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) असेल तर तिच्यातल्या भरतीच्या आणि सुटीच्या तारखा याला लावून बघा.