कावीळ, झाडपाला आणि ‘आमच्याकडे सगळे बरे झाले’ हा पुरावा

पाणकणीस

पावसाळा लागला की आमच्या भागात काविळीच्या औषधाची विचारपूस सुरू होते. कुठे रविवारी सकाळी उपाशीपोटी मुळी देतात, कुठे गळ्यात माळ घालतात, कुठे हात धुवून कावीळ ‘उतरवतात’. त्याने खरंच बरं होतं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : आमच्या घरात इतक्या जणांना झाली, सगळे बरे झाले. अजून काय पुरावा हवा?

मला या उत्तराबद्दल बोलायचं आहे. रोजच्या बोलण्यातल्या चुकलेल्या तर्काचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते. बहुसंख्य रुग्णांना त्यासाठी कुठल्याही खास औषधाची गरज पडत नाही. यकृत सुजतं, शरीर विषाणूला हटवतं, आणि काही आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा जातो. म्हणजे मुळी दिली तरी माणूस उठणार, नाही दिली तरी उठणार. अशा आजारावर जे द्याल ते ‘लागू पडतं’. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच तिथे घडलेलं असतं.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय या जुन्या तर्कशास्त्राच्या अभ्यासकांनी, कार्यकारण तपासताना दोन बाजू मागितल्या. अन्वय आणि व्यतिरेक. कारण असलं की कार्य दिसतं, हा अन्वय. कारण नसलं की कार्यही दिसत नाही, हा व्यतिरेक. ‘औषध घेतलं आणि बरे झाले’ ही फक्त पहिली बाजू. ज्यांनी औषध घेतलंच नाही त्यांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही, आणि वाईट म्हणजे कुणी विचारतही नाही.

हात धुण्याच्या प्रकारात तर दुसरी फसगत आहे. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लागलेला असतो, मग चुन्याच्या निवळीत हात चोळले की पाणी पिवळं होतं. बघणाऱ्याला वाटतं, कावीळ निघाली. रंग सारखा म्हणून वस्तूही तीच. वास्तविक काविळीत जे पित्तद्रव्य साठतं ते शौचावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतं, तळहातातून नाही. निरोग्याचे हात तसेच धुतले तरी पाणी तितकंच पिवळं होईल. हाही व्यतिरेकच, आणि दोन मिनिटांत घरी करून बघण्यासारखा.

माझं म्हणणं एवढंच : तर्कदोषांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा ‘नाही घेतलं त्यांचं काय?’ हा एक प्रश्न घराघरात विचारला गेला पाहिजे.

औदुंबर

पूर्ण असहमत. आमच्या गावचे वैद्य तीन पिढ्या काविळीचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, एक नारळ ठेवला तरी पुरे. तीन पिढ्यांत हजारो माणसं येऊन गेली असतील. त्या सगळ्यांचा अनुभव तुम्ही ‘कावळा आणि फांदी’ म्हणून एका वाक्यात उडवता?

तुमच्याच लेखात लिहिलंय की डॉक्टरकडेही खास औषध नाही. डॉक्टर काय सांगतो? आराम करा, दारू बंद, पाणी उकळून प्या. आमचे वैद्यही तेच सांगतात, वर पथ्य पाळून घेतात. लोक डॉक्टरचं पथ्य पाळत नाहीत, वैद्याचं पाळतात, कारण तिथे श्रद्धा आहे. मग औषधाचा उपयोग झाला की नाही? आणि जे फुकट देतात त्यांना खोटं बोलून मिळतं काय?

पाणकणीस

औदुंबर, वैद्य खोटं बोलतात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ते मनापासून देत असतील, नारळही घेत नसतील. पण देणाऱ्याची नियत आणि मुळीचा गुण या वेगळ्या गोष्टी आहेत. भला माणूसही चुकीच्या समजुतीत असू शकतो. तसंच, पैसे उकळणाऱ्याने दिलेलं औषध केवळ तो लोभी आहे म्हणून वाया जात नाही.

पथ्याचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं लागतं. न्यायात याला उपाधी म्हणतात : न सांगितलेली, आड राहिलेली अट. तुमच्या वैद्यांकडे गुण येतो तो आरामाने आणि दारू सुटल्याने येत असेल, तर मुळी हा अग्नी आणि आराम हे ओलं सरपण. श्रेय सरपणाचं आहे. मुळी काढून घेतली आणि पथ्य तेवढं ठेवलं तर काय होतं, हे तीन पिढ्यांत कुणी पाहिलंय का?

चौकस_वाचक

मला औषधाची बाजू घ्यायची नाही, पण पाणकणीस, तुमच्या तर्कातही एक उडी आहे. न घेणारे बरे होतात यावरून औषध अनावश्यक ठरतं. निरुपयोगी ठरत नाही. कदाचित ते घेणारे लवकर बरे होत असतील, कदाचित त्यांच्यातले कमी जण गंभीर होत असतील. त्यासाठी दोन्ही गट मोजावे लागतात. तुम्ही मोजलेले नाहीत, आणि वैद्यांनीही नाहीत.

आणि मोजलेलं उदाहरण आहे. भुईआवळी आपल्याकडे काविळीवर देतात. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ती हिपॅटायटिस बीच्या वाहकांना दिली आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले : औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, दिखाऊ औषध घेतलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाची. यात तुमचा व्यतिरेक होता की नाही? होता. पुढे इतर ठिकाणी तसेच प्रयोग झाले तेव्हा तो गुण दिसला नाही. म्हणजे एकदा व्यतिरेक मिळाला की काम झालं, असंही नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा, वेगळ्या हातांनी व्हावा लागतो.

उलट बाजूचं उदाहरण चीनचं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातल्या नोंदीवरून सुचलं. वनस्पती पाण्यात भिजवून पिळा आणि तो रस प्या, असं तिथे लिहिलेलं होतं, उकळण्याचा उल्लेख नव्हता. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुनं म्हणून खरं, हा तर्क जितका पोकळ, तितकाच जुनं म्हणून खोटं हाही. आपल्याकडच्या सुशिक्षित चर्चांत दुसरा दोष जास्त दिसतो आणि त्याला कुणी हटकत नाही, याचा मला राग येतो.

औदुंबर

चौकस, धन्यवाद. हेच म्हणायचं होतं. चीनने आपल्या ग्रंथांना मान दिला, आपण हसतो.

पाणकणीस

औदुंबर, चीनने ग्रंथाला मान दिला तो त्यातली ओळ उचलून थेट रुग्णाला पाजून नव्हे. आधी उंदरांवर पाहिलं, मग तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णांवर. तुमच्या वैद्यांच्या मुळीला तसा मान द्यायला मी आजही तयार आहे. त्यांनी वनस्पतीचं नाव सांगावं. पण ‘नाव सांगितलं तर गुण जातो’ असं बहुतेक ठिकाणी म्हणतात. तिथे तपासणीचं दारच बंद होतं. चूक सिद्ध होण्याची शक्यताच जिच्यात ठेवलेली नाही, अशी समजूत बरोबर असल्याचंही कधी कळणार नाही.

सिस्टरताई

सरकारी रुग्णालयात पावसाळ्यात काविळीचा वॉर्ड भरतो, तिथली परिचारिका आहे. इथे सगळे तर्काबद्दल बोलताय, मला माणसांबद्दल सांगू द्या.

औदुंबर म्हणतात हजारो माणसं येऊन गेली. दादा, वैद्यांकडे आभार मानायला परत कोण येतं? जो बरा होतो तो. नारळ घेऊन येतो, चार जणांना सांगतो. जो बरा होत नाही तो आमच्याकडे येतो, बऱ्याचदा उशिरा, आणि वैद्यांना ते कधी कळतच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खरंच शंभरातले शंभर बरे झालेले असतात. त्यांची चूक नाही. उरलेले त्यांच्या अंगणात पुन्हा पाय ठेवत नाहीत, म्हणून ते मोजले जात नाहीत.

हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार वाईट जातो. अशा बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २०-२५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे. एरवी हाच आजार शंभरातल्या एखाद-दुसऱ्याचाच जीव घेतो. मग सांगा, ‘आमच्या घरातले सगळे बरे झाले’ हा अनुभव सातव्या-आठव्या महिन्याच्या सुनेला लावायचा? सासऱ्यांना मुळीने बरं वाटलं होतं, म्हणून तिलाही मुळीच? २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती याच विषाणूची होती. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून जवळजवळ २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. तीही ईच होती, हे पुढे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. तेव्हाही गरोदर बायकाच जास्त दगावल्या.

शिवाय कावीळ हा एक आजारच नाही, ती खूण आहे. पित्ताचा खडा नळीत अडकला तरी डोळे पिवळे होतात, गाठ असली तरी होतात. खडा मुळीने हलत नाही. नाकात देवडांगरी या वनस्पतीचे थेंब घालतात, मग नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि घरचे म्हणतात उतरली. नाकाच्या आतली त्वचा भाजलेली असते, दुसरं काही नाही. आणि पथ्य म्हणजे काय, तर तेल बंद, हळद बंद, चुरमुरे आणि गाड्यावरचा उसाचा रस. रसात टाकलेला बर्फ कुठल्या पाण्याचा, ते कुणी विचारत नाही. ज्या पाण्याने आजार आला तेच पाणी औषध म्हणून पुन्हा पोटात.

आडवाट

सिस्टरताईंचं सगळं पटतं. माझा आक्षेप मूळ धाग्याच्या शेवटच्या वाक्याला आहे. घरात ‘नाही घेतलं त्यांचं काय?’ असं विचारून काहीही होत नाही.

माझ्या मावशीला तर्क चुकलाय हे कुणी सांगायची गरज नव्हती. मुलाचे डोळे पिवळे झाले होते आणि डॉक्टर म्हणाले, औषध नाही, वाट बघा. आईला वाट बघता येत नाही. तिला हाताने काहीतरी करायचं असतं. वैद्य तिला पहाटे उठायला लावतो, उपाशी ठेवतो, पूर्वेला तोंड करून बसवतो. ती जगाबद्दल विधान करत नव्हती, मग तिच्यापुढे व्यतिरेक मांडून उपयोग काय? तिच्याशी वाद घातला तर ती पुढच्या वेळी सांगणारच नाही, गुपचूप घेऊन जाईल. तर्कदोष दाखवणाऱ्यांना आपण कुणाशी बोलतोय हे दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पाणकणीस

आडवाट, भीतीचा मुद्दा खरा आहे. पण मावशी एकटी निर्णय घेत नाही. तिला शेजारीण सांगते, दीर सांगतो, ऑफिसातले सांगतात, आणि ते सगळे घाबरलेले नसतात. ते विधानच करत असतात : ‘हमखास गुण येतो.’ तिथे हमखास कशावरून, हे विचारायलाच हवं. ज्या घरात आजार नाही तिथे, ज्या दिवशी साथ नाही त्या दिवशी विचारायला हवं. भीतीच्या वेळी तर्क सुचत नाही हे मान्य, म्हणून तर तो आधी करून ठेवायचा.

औदुंबर

एक प्रश्न विचारतो, सरळ उत्तर द्या. इथे कुणीही विषाणू पाहिलेला नाही. ‘लॅन्सेट’ कुणी उघडून वाचला असेल याचीही खात्री नाही. तुम्ही डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवता, मी वैद्यांच्या. शब्दप्रमाण तुम्हालाही सुटलेलं नाही. मग माझाच तर्क आंधळा कसा?

चौकस_वाचक

चांगला प्रश्न आहे. शब्दप्रमाण न्यायालाही मान्य आहे, ‘आप्ताचा उपदेश’ म्हणून. मात्र आप्त कोण, याची अट आहे : ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. तुमच्या वैद्यांची इच्छा शुद्ध आहे, हे मी धरून चालतो. पण सिस्टरताईंनी सांगितलं ते खरं असेल तर पहिली अट पुरी होत नाही, कारण बरे न झालेले त्यांना दिसतच नाहीत. ज्या पद्धतीत अपयशाची नोंद ठेवावीच लागते तिच्या शब्दाला माझ्या लेखी जास्त वजन आहे. डॉक्टर माणूस म्हणून मोठा असतो असं यात कुठेच नाही. नोंद न ठेवणारा डॉक्टरही माझ्यासाठी आप्त नाही, आणि असे आहेत.

सिस्टरताई

मला एकच मागणं करायचंय. औदुंबरदादा, तुम्ही वैद्यांना ओळखता. त्यांना एवढं सांगाल का : गरोदर बाई आली तर मुळी न देता थेट रुग्णालयात पाठवा. रुग्णाला दिवसाही झोप अनावर होतेय, तो असंबद्ध बोलतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, उलट्या थांबत नाहीत, तर तासभरही थांबू नका. शौचाचा रंग पांढुरका आणि अंगाला खाज असेल तर सोनोग्राफी करायला सांगा. बाकीच्यांना द्यायची तर द्या मुळी, पण रक्ततपासणी झाल्यावर. आणि एका वहीत नाव, गाव, तारीख लिहा, महिन्याने निरोप पाठवून विचारा.

औदुंबर

गरोदर बाईचं आणि झोपेचं त्यांना नक्की सांगतो. हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही नसावं. वहीचंही बोलून बघतो, ऐकतील असं वाटतं. बरे झालेल्यांनी मुळीमुळे बरं वाटल्याचं सांगितलं तर ते मी खोटं मानणार नाही. वही भरल्यावर इथेच लिहीन, आकडा कुणाच्याही बाजूचा असो.