बेझांसों पायी: काटकसर की गरिबीचं कौतुक?

पायवाट
पॅरिसच्या चर्चेत परवा एकांनी ठणकावून लिहिलं: "पॅरिस, नीस, फार तर ल्यों बघावं. बाकी फ्रान्समध्ये सॅक लटकवून पायी हिंडणं म्हणजे गरिबीचं कौतुक." सोडून देणार होतो, राहवलं नाही.

मी पूर्व फ्रान्समधल्या बेझांसों या गावाबद्दल बोलतो, कारण ते पायाखाली घातलंय. दू नदी या गावाला जवळजवळ पुरता वेढा घालते. सीझरने इ.स.पू. 58 च्या मोहिमेच्या वर्णनात लिहिलंय की कंपासने आखावी तशी ही नदी गावाभोवती फिरते आणि उरलेली फट डोंगराने बुजवली आहे. सगळं जुनं गाव त्या वेढ्यात. बातां पूल ओलांडला की ग्राँद रू ही मुख्य गल्ली सुरू होते, रोमन काळातल्या मुख्य रस्त्याच्याच रेघेवर. तिच्या वरच्या टोकाला 140 नंबरचं घर, 26 फेब्रुवारी 1802 ला लेखक व्हिक्टर ह्युगो तिथे जन्मला. त्याच चौकात सिनेमावाले ल्युमिएर बंधू, ऑग्युस्त आणि लुई, जन्मले, 1862 आणि 1864 मध्ये. पुढे दुसऱ्या शतकातली पोर्त न्वार ही कमान, तिच्याखालून गेलं की कॅथेड्रल. पाव तासाचं चालणं, आणि एक पैसा लागत नाही.

फोटोपुरता बसमधून उतरणाऱ्याला तिथल्या भिंती दिसत नाहीत. शायुझच्या जंगलातला चुनखडीचा दगड आहे. एकाच चिऱ्यात अर्धा भाग निळसर राखाडी, अर्धा पिवळट. आणि गवंड्यांनी रंग जुळवायच्या भानगडीत न पडता चिरे आले तसे बसवलेत. गल्लीच्या गल्ली ठिपक्याठिपक्यांची दिसते. हे बघायला थांबावं लागतं, आणि वाटेल तिथे थांबायचं तर चालावंच लागतं.

आणि किल्ला! चौदाव्या लुईने मे 1674 मध्ये हे गाव स्पेनच्या ताब्यातून घेतलं, पुढच्याच महिन्यात इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला. इथला किल्ला लुईचा दुर्ग-अभियंता व्होबाँ याचा. त्याची 12 दुर्गस्थळं, हा किल्ला धरून, 2008 मध्ये जागतिक वारसा झाली, आपले 12 किल्ले 2025 मध्ये. तोरण्याला पाय झिजवणाऱ्याने या किल्ल्यावर बसने का जावं? तिकीट जड वाटलं तर समोरची शोदानची टेकडी चढा, नदीचा वेढा आणि किल्ला दोन्ही एका नजरेत येतात. याला गरिबीचं कौतुक म्हणणाऱ्याने आधी एकदा चालून दाखवावं.

नीला_कोथरूड
ते वाक्य माझंच होतं, आणि मी ते मागे घेणार नाही.

तुम्ही एकटे, पाठीवर सॅक, गुडघे शाबूत. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. कॅथेड्रलपासून किल्ल्यापर्यंतचा चढ त्यांना झेपला असता का? "आधी चालून दाखवावं" हे वाक्य वयस्कर माणसाला किती लागतं याचा विचार करा. ग्रुप टूरमध्ये बस दारात येते, सामान कुणीतरी उचलतं, संध्याकाळी वरणभात मिळतो. आमच्या पिढीने आयुष्यभर काटकसरच केली. साठीनंतर एकदा ऐसपैस फिरलो तर तुम्ही आम्हाला फोटो काढणारे ठरवणार?

फ्रायबुर्गकर
नीलाताईंशी अर्धा सहमत. हंगामात किल्ल्यावर बसही जाते, धागाकर्त्याने ते लिहायला हवं होतं.

माझा मुद्दा वेगळा. छोटं शहर स्वस्त असतं हा गैरसमज आहे. पॅरिसला होस्टेलच्या खाटा ढिगाने मिळतात, अशा गावात पर्याय मोजके, उशीर झाला की थेट हॉटेल. शिवाय पॅरिसहून जाणाऱ्यांनी नीट ऐका: बेझांसोंची टीजीव्हीची, म्हणजे वेगवान रेल्वेची, नवी स्टेशनं वेगळी आणि गावातलं व्हियॉत वेगळं. टीजीव्ही स्टेशन 2011 मध्ये गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर बांधलंय, तिथून जोडगाडीने गावात यायचं. शेवटची जोडगाडी चुकली की टॅक्सी, आणि काटकसर तिथेच संपली.

पायवाट
"स्टेशनं" नाही, नवं स्टेशन एकच आहे. आणि काही थेट गाड्या व्हियॉतला येतात. तिकीट काढताना स्टेशनचं नाव वाचलं की झालं. खाटांचं मात्र बरोबर आहे, ते मान्य करावं लागेल.

खिसा_रिकामा
बजेट प्रवास म्हणे! शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाची, फी 90 युरो. मग विमा, मग बँकेचे कागद, मग प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवा. "वाटेत आवडेल तिथे मुक्काम करू" हे फक्त युरोपियन पासपोर्टवाल्याला शक्य आहे. माझ्या मित्राचा अर्ज नाकारला, फी गेली ती गेली. तो पुन्हा अर्ज करायला तयार नाही. आपल्या काटकसरीची सुरुवातच मुळी दहा हजारांचा चुराडा करून होते, आणि या धाग्यात त्याचा उल्लेखही नाही.

लालबागकर
व्हिसाचं खरंय. पण बेझांसोंवर एवढं लिहून लिप या घड्याळ कंपनीचं नाव नाही? ह्युगो आणि ल्युमिएर लहानपणीच गाव सोडून गेले. हे गाव घड्याळ कामगारांचं आहे. 1793 मध्ये स्वित्झर्लंडमधून आलेल्या कारागिरांनी इथे धंदा उभा केला. 1973 मध्ये लिपचा कारखाना मोडीत काढायचं घाटत होतं तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला, घड्याळं स्वतः बनवली, स्वतः विकली, त्यातून आपले पगार काढले. त्या सप्टेंबरात पावसात लाखभर लोक त्यांच्यासाठी या गावात चालले. माझे वडील 1982 च्या गिरणी संपात होते. लिपची गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा ते कितीतरी वेळ प्रश्न विचारत राहिले. माल कुठे लपवला, पोलीस आले तेव्हा काय केलं, बायका कुठे होत्या. पायी फिरायचंच तर पालांत भागात जा, तिथे लिपचा कारखाना होता.

पायवाट
हे मी लिहायला हवं होतं. ग्राँव्हेल राजवाड्यात काळाचं संग्रहालय आहे, घड्याळांच्या धंद्याचा इतिहास तिथे बघायला मिळतो. आणि कॅथेड्रलमधलं एकोणिसाव्या शतकातलं खगोलघड्याळ, सुमारे तीस हजार भागांचं, छोटं तिकीट काढून अवश्य बघावं.

हिंगाची_डबी
सगळं छान, पण खायचं काय? शाकाहारी माणसाचं काटकसरीत तिथे भागतं का, कुणी सांगेल?

पायवाट
अगदी आरामात. युरोच्या आसपास बगेत, म्हणजे लांब पाव, मिळतो. बाजारातून काँते चीजचा तुकडा घ्यायचा, दोन टोमॅटो, नदीकाठी बाकावर बसायचं. ते चीज त्याच भागातलं. हॉटेलात बसलात तर साध्या पाण्याचा जग मागा, तो फुकट द्यावाच लागतो.

हिंगाची_डबी
काँते शाकाहारी नाही. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. कृपा करून शाकाहाऱ्यांना असे सल्ले देऊ नका.

रसना
झालं सुरू. दूध गाईचं, चीज दुधाचं, त्यात मांस कुठे आलं? एवढ्या दुधात चमचाभर रेनेट. एवढं बघायचं तर घरीच बसावं.

हिंगाची_डबी
"घरीच बसावं" म्हणजे काय? मी कुणाच्या ताटात डोकावले का? मी माझ्यापुरतं विचारलं. आमच्या घरात आजी अंड्याचा केक घरात येऊ देत नसे, तिच्या संस्कारात वाढले. मला चमचाभर आणि वाटीभर यात फरक वाटत नाही, तो तुम्ही ठरवायचा नाही. भारतात मिळणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं असतं, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिकडे पारंपरिक चीज म्हटलं की विचारावंच लागतं.

नीला_कोथरूड
बघा! म्हणून म्हणते, टूर बरी. आम्हाला रोज शुद्ध शाकाहारी जेवण होतं. पास्ता, पिझ्झा, सगळं शाकाहारी.

हिंगाची_डबी
ताई, पास्त्यावर पार्मेझान चीज भुरभुरलं होतं का? तेही रेनेटचंच. टूरवाल्यांनी "व्हेज" लिहिलं की आपण विश्वास ठेवतो. मी एका टूरमध्ये विचारलं तर मार्गदर्शकाने हसण्यावारी नेलं आणि रात्रभर मला झोप लागली नाही. पैसे मोजून फसवलं गेल्याचा राग होता तो.

नीला_कोथरूड
हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना सांगणार नाही, त्यांना फार त्रास होईल.

रसना
सांगूच नका! अज्ञानात सुख. मी वीस वर्षं युरोपात आहे, आधी मीही शाकाहारी होतो. पहिल्या हिवाळ्यात पाव-लोणी खाऊन आजारी पडलो, मग सोडलं. माणसाने जागेप्रमाणे बदलावं.

हिंगाची_डबी
तुम्ही बदललात, तुमचा निर्णय. तो सगळ्यांसाठी नियम नाही.

फ्रायबुर्गकर
भांडू नका. सुपरमार्केटमध्ये पाकिटावरची यादी वाचा, सूक्ष्मजीवांच्या रेनेटची चीजंही मिळतात. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, पावभर मूगडाळ आणि तांदूळ सोबत ठेवा. फक्त फोडणी जपून द्या, धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत बाहेर येते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. आमच्या वसतिगृहात जिऱ्याच्या फोडणीने हे झालंय.

खिसा_रिकामा
व्हिसाच्या मुद्द्याला कुणीही उत्तर दिलं नाही. चीजवर वीस प्रतिसाद येतील.

लालबागकर
मी दिलं ना, "खरंय" म्हणालो. आणखी काय म्हणणार, फी आपण ठरवत नाही. पण म्हणून जो जाऊ शकला त्याने पायी फिरू नये?

खिसा_रिकामा
फिरावं. "बजेट" म्हणू नये. एवढंच.

पायवाट
हे पटतं, जड मनाने का होईना. "बजेट" हा विमानातून उतरल्यानंतरचा हिशोब आहे, हे स्पष्ट लिहायला हवं.

नीलाताई, वयाबद्दल कठोर बोललो असेन, पण मूळ भांडण सोडत नाही. कॅथेड्रलवरून किल्ल्याकडे जो रस्ता चढतो त्याला जर्मन ताब्याविरुद्धच्या प्रतिकारात गोळ्या घातलेल्यांचं नाव दिलंय. दुसऱ्या महायुद्धात या किल्ल्यात शंभर जणांना गोळ्या घालून मारलं. बसमधून तो रस्ता दोन मिनिटांत संपतो, नावाची पाटी वाचूनही होत नाही. चालत गेलं की दम लागतो, थांबावं लागतं, आणि पाटी समोर असते.

नीला_कोथरूड
पाटीचं मला पटलं. टूरमध्ये कुणी अशा पाट्या दाखवत नाही हेही खरं. पण सासूबाईंना मी बसनेच नेणार, आणि पाटीपाशी बस थांबवायला सांगणार. नाही थांबवली तर मी उतरून चालेन, त्या पुढे जातील.

रसना
आणि वर पोचल्यावर काँते खा.

हिंगाची_डबी
तुम्ही खा. मी पाकीट वाचून घेईन.