रिझर्व्ज संघाने सामने जिंकायचे की खेळाडू घडवायचे?

यारातीर

फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, न बघणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. एएफएल ही त्याची सर्वोच्च लीग. तिच्या प्रत्येक क्लबकडे करारावर चाळीसच्या वर खेळाडू असतात आणि आठवड्याला मुख्य संघात जागा मिळते जेमतेम निम्म्यांना. उरलेल्यांपैकी जे धडधाकट असतात ते रिझर्व्जमध्ये खेळतात. व्हिक्टोरियात रिझर्व्जची स्वतंत्र स्पर्धा १९१९ पासून १९९९ पर्यंत होती. २००० पासून हे संघ व्हीएफएलमध्ये, म्हणजे एएफएलच्या खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत, खेळतात, कुणी स्वतःच्या नावाने, कुणी एखाद्या जुन्या व्हीएफएल क्लबशी हातमिळवणी करून.

माझं म्हणणं असं की रिझर्व्ज संघाने जिंकायलाच उतरलं पाहिजे. हल्ली जो तो म्हणतो, निकालाला महत्त्व नाही, पोरं तयार झाली पाहिजेत. पण पोरं तयार होतात कशाने?

व्हीएफएलच्या मैदानांवर एक सुंदर प्रथा आहे. क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एक, संपला की प्रेक्षक मैदानात उतरतात आणि कोच काय सांगतोय ते खेळाडूंच्या घोळक्याला खेटून ऐकतात. गेल्या मोसमात असाच एका संघाच्या घोळक्याजवळ उभा होतो. तिसरा क्वार्टर संपलेला, फरक एका गोलाचाही नाही. कोच दहा वाक्यं बोलला असेल, त्यात स्कोअरचा उल्लेख एकदाही नाही. चौथा क्वार्टर सुरू झाला तर मिडफील्डमधला सगळ्यात चांगला पोरगा ट्रॅकसूट चढवून बाकावर! दुखापत नाही, काही नाही. ठरवून दिलेली मिनिटं संपली होती. संघ हरला. त्या पोराला त्या दिवशी शिकण्यासारखं जे होतं ते त्या शेवटच्या पंचवीस-तीस मिनिटांत होतं, आणि तेवढंच त्याच्याकडून काढून घेतलं.

आता उलट बाजू बघा. २००७ मध्ये जीलाँगने एएफएल जिंकली आणि त्यांच्या रिझर्व्जने व्हीएफएलही. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज आणि त्यांचा फुटस्क्रे संघ, तेच. २०१९ मध्ये रिचमंड, पुन्हा तेच. मार्लियन पिकेट त्या वर्षी व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म गॉस पदक घेऊन गेला आणि सहाच दिवसांनी मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर एएफएलच्या अंतिम सामन्यात पदार्पण केलं. अंतिम सामन्यात पदार्पण १९५२ नंतर प्रथमच! तिथे तो बुजला नाही, कारण आठवडाभर आधी तशाच जीव खाऊन खेळल्या गेलेल्या सामन्यातून तो आला होता. त्या रिझर्व्जचा कोच क्रेग मॅक्रे पुढे कॉलिंगवूडचा मुख्य कोच झाला आणि २०२३ चं विजेतेपद घेतलं. म्हणजे कोचसुद्धा तिथेच घडला.

सेंटर बाउन्स

यारातीर, उदाहरणं खरी आहेत, पण त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही. ज्या क्लबकडे खोलवर चांगले खेळाडू असतात तो वरही जिंकतो आणि खालीही जिंकतो. रिझर्व्ज जिंकले म्हणून मुख्य संघ जिंकला, हे कुठून आलं?

लियाम जोन्सचं घ्या. बुलडॉग्जकडून कार्लटनला आला तो फॉरवर्ड म्हणून. गोल होईनात, मुख्य संघातली जागा गेली. मग कार्लटनशी जोडलेल्या नॉर्दर्न ब्लूजमध्ये त्याला बचावात खेळवायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांच्या माणसाला आयुष्यभराची सवय मोडून उलट्या दिशेने तोंड करायला शिकवणं म्हणजे काय ते विचार करा. चेंडूकडे धावायच्या आधी आपला माणूस कुठे आहे ते बघायचं, मार्क घेण्यापेक्षा, म्हणजे चेंडू हवेत झेलण्यापेक्षा, मुठीने चेंडू उडवायचा, कधी आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला जायचं. हे शिकताना चुका होणारच आणि त्या चुकांवर समोरच्याचे गोल होणारच. २०१७ मध्ये तो मुख्य संघात परतला तो भक्कम बचावपटू म्हणून. दर शनिवारी निकाल मोजणाऱ्या कोचने हा प्रयोग दोन सामन्यांत गुंडाळला असता.

रकमनचं, म्हणजे वर उडालेला चेंडू उडी मारून सहकाऱ्याकडे ढकलणाऱ्या उंच खेळाडूचं, तर बोलूच नका. मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातला. गुडघ्याच्या दुखापतीत आख्खा मोसम गेला, मेलबर्न क्लबशी जोडलेल्या केसीकडून खेळत राहिला, आणि ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. उंच पोरांना वेळ लागतोच. जिंकायचंच असेल तर कोच एकोणीस वर्षांच्या काटकुळ्या पोराऐवजी व्हीएफएलमध्ये मुरलेला तिशीतला रकमन उतरवेल. शनिवार जिंकाल, पण तीन वर्षांनी मुख्य संघाला रकमन कुठून आणाल?

आणि मिनिटांचं म्हणाल तर हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या, दुखापतीतून परतणाऱ्याला मोजूनच खेळवतात. शेजारी उभ्या असलेल्या प्रेक्षकाला दुखापत दिसत नाही म्हणजे ती नसतेच असं नाही.

वेरिबीकर

तुम्ही दोघेही व्हीएफएल म्हणजे एएफएल क्लबांचं सरावाचं मैदान आहे असं धरून बोलताय. या स्पर्धेत वेरिबी, पोर्ट मेलबर्न, विल्यमस्टाउन, फ्रँकस्टन हेही खेळतात, आणि त्यांच्यासाठी हीच मुख्य स्पर्धा आहे.

मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्या टार्नीट, पॉइंट कुक भागात मराठी घरं आता भरपूर आहेत. वेरिबीचं मैदान चर्नसाइड पार्क आम्हाला जवळ, तिकीट परवडतं, पोरं कुंपणाला टेकून सामना बघतात. २०२३ चा व्हीएफएल अंतिम सामना आठवा. समोर गोल्ड कोस्टचा रिझर्व्ज संघ, एएफएलच्या पगारी खेळाडूंनी भरलेला. आम्ही हरलो, पण शॉन मॅनाने सहा गोल मारले आणि हरलेल्या संघात असूनही पदक त्यालाच मिळालं. त्यानंतर सव्वीसाव्या वर्षी जीलाँगने त्याला ड्राफ्टमध्ये उचललं. त्याला कुणी ‘घडवण्याची योजना’ आखून दिली नव्हती. दर आठवड्याला जिंकायला खेळणाऱ्या क्लबात तो तयार झाला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, वेरिबीने विजेतेपद घेतलं, १९९३ नंतर पहिल्यांदा. २०१७ पर्यंत आम्ही नॉर्थ मेलबर्नशी जोडलेले होतो. सुटलो आणि स्वतःच्या पायावर उभे राहिलो.

सगळ्यांना ते जमलं नाही. एसेंडनने २०१२ नंतर बेंडिगोची साथ सोडली आणि दोन मोसमांत तो संघ बंद पडला. २००८ ते २०१० सलग तीन विजेतेपदं घेणाऱ्या नॉर्थ बॅलरॅटचा परवाना २०१७ नंतर गेला. फ्रँकस्टनचा २०१६ मध्ये कर्जापायी गेला होता, २०१८ मध्ये ते कसेबसे परतले. एएफएल क्लबांच्या ‘खेळाडू विकासा’ची किंमत या गावांनी मोजली आहे.

आणखी एक. रिझर्व्ज संघातच जे फक्त व्हीएफएल करारावर असतात त्यांचा विचार कोण करतो? दिवसभर सुतारकाम, शाळेत शिकवणं, गोदामात पाळी, आणि संध्याकाळी सराव. आठवडा संपत आला की कळतं, वरून दोन खेळाडू खाली आलेत, तुझी जागा गेली. त्या दोघांपैकी एकजण ठरलेली मिनिटं खेळून बाकावर बसणार असेल, तर घरी बसलेल्याला काय वाटत असेल?

यारातीर

वेरिबीकर, मॅनाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे!

सेंटर बाउन्स, हॅमस्ट्रिंगवाल्याला मोजून खेळवा, त्याबद्दल तक्रार नाही. मी बोलतोय ठणठणीत पोरांबद्दल. आणि जोन्स बचाव शिकला तो कुणासमोर? गोल मारायला जीव टाकणाऱ्या फॉरवर्डसमोर. त्याचा स्वतःचा संघही तेवढ्याच ईर्षेने खेळत असेल तर अशा बचावपटूला आणखी लवकर धार येते. जागा बदलून बघणं आणि जिंकायला खेळणं यांत भांडण आहे असं तुम्ही का धरता?

मुंबईच्या कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात शाळकरी पोरं कसोटी खेळलेल्या गोलंदाजांना तोंड द्यायची. तिथे कुणी त्यांना सांगितलं नाही की आज वीसच चेंडू खेळ आणि ये. बाद होईपर्यंत खेळायचं, कारण क्लबला सामना जिंकायचा असायचा. मुंबईचा खडूसपणा तिथून आला.

स्वाती_पर्थ

पर्थमधून लिहितेय, इकडचा अनुभव थोडा वेगळा आहे. इथे दोन एएफएल क्लब आणि दोघांचे मार्ग वेगळे. फ्रीमँटलने २०१४ पासून आपले खेळाडू डब्ल्यूएएफएल या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या पील थंडरकडे दिले. पीलने २०१६ आणि २०१७ ला विजेतेपद घेतलं, त्याआधी त्यांच्याकडे एकही नव्हतं. बाकीच्या जुन्या क्लबांचे पाठीराखे अजून त्यावर चिडतात. वेस्ट कोस्टने आधी ईस्ट पर्थशी जोडून घेतलं आणि २०१९ पासून स्वतःचा संघ उतरवला. मुख्य संघात दुखापतींची रांग लागली की या संघात भरती करायला माणसं उरत नाहीत आणि मग दर आठवड्याला धुलाई. अशा संघाला ‘जिंकायला उतरा’ म्हणून काय होणार? दहा-पंधरा गोलांनी हरताना अठरा वर्षांचा पोरगा ना जिंकायला शिकतो ना बचाव करायला. त्याच्याकडे चेंडूच येत नाही.

मला वाटतं तुम्ही शनिवारवर भांडताय आणि खरा प्रश्न सोमवारचा आहे. सामन्याची चित्रफीत घेऊन त्या पोराशेजारी बसणारा माणूस क्लबात आहे का? कोविडनंतर क्लबांच्या फुटबॉल विभागाच्या खर्चाची मर्यादा ९७ लाख डॉलरवरून ६२ लाखांवर आणली. सहायक कोच, विकास कोच अशी माणसं ठिकठिकाणी कमी झाली. उरलेल्या कोचचं लक्ष साहजिकच मुख्य संघाकडे. ज्याला कुणी काही सांगतच नाही तो जिंकून काय शिकणार आणि हरून काय शिकणार?

सेंटर बाउन्स

स्वाती, धुलाईचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच रिझर्व्जमध्ये व्हीएफएल करारावरची मुरलेली माणसं हवीत असं मी म्हणतो. पोराच्या शेजारी मैदानातच ओरडून सांगणारा कुणीतरी पाहिजे, सोमवारपर्यंत थांबायचं कशाला?

वेरिबीकर, पण जोडलेल्या क्लबांनी फक्त सोसलं असं म्हणू नका. जाय न्यूकम बॉक्स हिलकडे खेळत होता. हॉथॉर्नचे खेळाडू त्याच संघात खेळत असल्याने त्यांच्या कोचनी त्याला दर आठवड्याला जवळून पाहिलं आणि २०२१ च्या मिड-सीझन ड्राफ्टमध्ये उचललं. आज तो त्यांच्या मिडफील्डचा कणा आहे. दोन्हीकडच्या पोरांना एकत्र खेळवल्याचा हा फायदा आहे.

यारातीर, कांगा लीगमध्ये बाद झालेला पोरगा पुढच्या रविवारी पुन्हा धडधाकट उभा असायचा. इथे शंभर किलोचा माणूस अंगावर येतो. थकलेल्या पायांनी शेवटचा क्वार्टर खेळून एखाद्याचा गुडघा गेला तर त्याचं आख्खं वर्ष गेलं. ती मिनिटं ठरवणारे फिजिओ मूर्ख नाहीत.

यारातीर

फिजिओंना मी मूर्ख म्हटलेलं नाही. पण मुख्य संघात त्याच पोराला चौथ्या क्वार्टरमध्ये थकलेल्या पायांनीच धावावं लागणार आहे. ते पहिल्यांदा ऐंशी हजारांसमोर करायचं का? मिनिटं मोजायचीच असतील तर पहिल्या क्वार्टरला बाकावर बसवा आणि शेवटचा पूर्ण खेळवा. एवढं तरी मान्य करा.

सेंटर बाउन्स

ठणठणीत असेल तर मान्य. दुखापतीतून परतणाऱ्यासाठी नाही, कारण शरीर तापलेलं असताना पहिल्या दोन क्वार्टरमध्ये खेळणंच त्याला सुरक्षित.

वेरिबीकर

आणि पहिल्या क्वार्टरला जो त्याच्या जागी धावेल त्याला शेवटी काढणार, असंच ना? तो बहुतेक व्हीएफएल करारावरचाच असेल. त्याला एएफएल क्लबांचे स्काउट कधी बघणार?

स्वाती_पर्थ

हा प्रश्न योग्य आहे. मॅना सव्वीसाव्या वर्षी दिसला तो शेवटच्या क्वार्टरपर्यंत मैदानात होता म्हणूनच.